फेरी ओढल्याच्या दुसऱ्या दिवशी

मोटरहोम धक्क्यावर येऊन थांबली तेव्हा फेरीबोट पाण्यात नव्हतीच. काठावर चढून, पोट उघडं टाकून पडली होती. नदीतून बर्फाचा रगडा सरकत होता; धड पाणी नाही, धड बर्फ नाही. गाव पलीकडे.

फेरीवाला एलायस राखणीला मागे राहिला होता. पस्तीस वर्षांत आल्यागेल्या प्रत्येक मोटरहोमला या माणसाने फुकट सल्ला दिलेला. त्यातला निम्मा खरा. कुठला निम्मा, ते ज्याचं त्याने शोधावं. गाडी दिसताच तो उठून आला आणि आत कोण आहे हे न बघताच सुरू झाला.

"इथे मुक्काम करायचा तर तीन गोष्टी ऐका, साहेब. उघड्यावर मटण तळू नका, अस्वलाला पानं वाढावी लागतात. पाण्याची टाकी रिकामी करा, गोठून फुटते. आणि एका जागी फार वेळ उभं राहू नका. ऑक्टोबरात सावली जमिनीला चिकटते. गेल्या साली आलेल्या एका जर्मनाची अजून इथेच आहे."

चालवणारा म्हातारा हसला नाही. "फेरी कधी सुटते?"

"मेमध्ये."

"पुस्तकात पंधरा तारखेपर्यंत दिलीय. आज नऊ."

"नदी निरक्षर आहे हो आमची."

"एलायस," आतून बाईचा आवाज आला, "माझ्या नवऱ्याला छळू नकोस."

एलायस पायरी चढून आत गेला. मागच्या पलंगावर दोन रजयांखाली त्याची मावसबहीण बर्था पडली होती. सुकवलेल्या माशाएवढी उरली होती.

"घरी चाललेय," ती म्हणाली. "डॉक्टरने आठवडा दिला होता. त्यातले पाच दिवस या रस्त्याने खाल्ले."

एलायसने टोपी काढली. तिचं काय करायचं ते न सुचून पुन्हा घातली.

"हेलिकॉप्टर?" नवऱ्याने, वेंडेलने, विचारलं.

"ढग बघ ना, दाजी. झाडांच्या शेंड्यांवर बसलेत. रेडिओवाला म्हणतो, चार दिवस उठायचे नाहीत."

"आणि मागे?"

"मागे खिंडीत वारा. सकाळीच फाटक पाडून रस्ता बंद केला."

वेंडेलने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "काल दुपारीच पोचलो असतो आम्ही. सकाळी वाटेत एक लाल ट्रक उभा होता, दोन टायर बसलेले. मी म्हटलं, मागून येईल कुणीतरी. ही ऐकेना."

"उभ्या गाडीला टाकून या रस्त्यावर कुणी पुढे जातं का?" बर्था म्हणाली. "तीस वर्षं शिकवतेय याला."

"पाच तास गेले. मी पंक्चर काढली, हवा भरली. तो पोरगा पुढे सुसाट गेला. नंतर हिला हादरे सोसेनात, म्हणून आम्ही थांबलो."

एलायसला हिशेब लागला. फेरी वर ओढायची पोलादी तार सोमवारी तुटली होती. नवी तार खिंडीपलीकडच्या डॉसनहून त्याच लाल ट्रकमधून आली. ती येईपर्यंत फेरी पाण्यातच राहणार होती, बर्फ ढकलत का होईना गाड्या नेणार होती. तार काल पाचला पोचली. सातला फेरी काठावर.

आयुष्यात हा माणूस थापेसाठी कधी अडला नव्हता.

"लाल ट्रक?" तो म्हणाला. "तो इकडे आलाच नाही. सरपणवाल्याचा असेल, गेला असेल कुठल्या तरी फाट्याने."

वेंडेलने मान डोलावली. बर्थाने उशीवरून खिडकीकडे पाहिलं. फेरीच्या आडून ट्रकचं लाल तोंड बाहेर आलं होतं आणि त्याच्या पुढ्यात तारेचं रिकामं रीळ पडलं होतं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"शाळेपासून थापा मारतोस," नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती पुटपुटली. "अजून हात बसला नाही."

"परत पाण्यात नाही का ढकलता येणार?" वेंडेलने विचारलं. "एवढीशी तर नदी."

"ढकलता येईल की. मग ती थेट समुद्रात जाऊन थांबेल. आपल्यासकट."

पलीकडच्या काठावर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. बर्थाची भावंडं असावीत. कुणीतरी हात हलवत होतं, किंवा हात झटकून ऊब आणत होतं. इतक्या लांबून दोन्ही सारखंच.

"एलायस," बर्था म्हणाली, "याला सल्ला दे."

"कसला?"

"फाटक उघडलं की याला एकट्याला परत जायचंय. हिवाळा या गाडीत निघायचा नाही. खिंडीत गाडी नेहमी मी चालवायचे, या खेपेला याने कशीबशी आणली. नीट सांग. सावल्याबिवल्या नकोत."

"आणि तू?"

"डिसेंबरात नदी गोठून बर्फावरून रस्ता पडला की न्या मला. तोवर इथेच थंडीत ठेवा, मी कुठे पळून जातेय?"

एलायस पलंगाच्या कडेवर बसला.

"उतारावर ब्रेकवर पाय दाबून धरायचा नाही, दाजी, गियर खाली घ्यायचा. चाक कडेला न्यायचं नाही, कड भुसभुशीत आहे, गाडी सोडत नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढच्या पंपावर भरोसा ठेवायचा नाही. थांबलास तर शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. काच दोन बोटं उघडी, कितीही थंडी असो."

तो सावकाश सांगत गेला. त्यात एकही थाप नव्हती, म्हणूनच वेंडेलला ते ऐकवेना. तो उठला आणि दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"लिहून घे," बर्था म्हणाली.