फेरमोजणी

आप्पांच्या मूत्राशयाच्या कॅन्सरची काचपट्टी तपासायला प्रयोगशाळेत कालिंदीच्याच टेबलावर आली. शंभर पेशी मोजायच्या. जनुक बिघडलेल्या पेशी रंगवल्यावर तपकिरी होतात, आणि तपकिरी जितक्या जास्त, तितका लवकर माणूस जातो. मोजणीयंत्रावरचा तपकिरी पेशींचा आकडा एकसष्टवर थांबला. शेजारच्या स्टुलावर आप्पा बसले होते, गडमुडशिंगीच्या शाळेतले निवृत्त गणितमास्तर. सातवीत त्यांनी पोटच्या पोरीला, कालिंदीला, चौतीस गुण देऊन नापास केलं होतं. आई हातापाया पडली, तरी पेपर परत उघडला नाही. “एकदा मोजलं की मोजलं,” म्हणाले होते. आता त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि खाली बघत म्हणाले, “परत मोज की, पोरी.” कालिंदीनं यंत्र शून्यावर आणलं, काचपट्टी सरकवली, पुन्हा शंभर पेशी मोजल्या. अडुसष्ट. ती काही बोलायच्या आत आप्पांनी आकडा वाचला. “मग पयलाच लिव्ह की,” म्हणाले.