मीठ कमी

बायकोला पोचवून आलो तेव्हा गिरणीचा तीनचा भोंगा होत होता. सुतकात चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या अंबुबाईंनी पिठलं-भाकरी आणली. जेऊरहून आलेला मेव्हणा म्हणाला, “दाजी, चार घास खावा की.” मी सोलापूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, दुःखात भूक लागू नये, असं माझं मत होतं. पण सपाटून लागली होती. पहिला घास घेतला आणि रोजच्या सवयीनं बोलून गेलो, “मीठ कमी आहे.” मेव्हण्यानं मान खाली घातली. घास गिळवेना, थुंकवेना. अंबुबाई म्हणाल्या, “कमीच घातलंय, भाऊजी. दवाखान्यात जाताना वैनींनी बजावलं हुतं. डॉक्टरनं तुमचं मीठ तोडलंय. तुमाला कळलं तर घाबराल, म्हून त्या रोज बोलणी खायच्या. वाढू का मीठ?” “नको,” म्हणालो आणि पानातलं सगळं संपवलं.