वाइड

साईशचा तिसरा चेंडूही फलंदाजापासून हातभर लांबून गेला, आणि कोरगावच्या शेतात कोणी चकार शब्द काढला नाही.

कृष्णनाथ शेताच्या बांधावर, मेरेवर बसून बघत होता. भात कापून झालं की गावची पोरं त्याच शेतात खेळपट्टी करतात. मेरेवरची काजूखालची जागा गेली वीस वर्षं दोघांची, कृष्णनाथाची आणि अशोकची. आज तिथे तो एकटाच होता. अशोकला जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि चेंडू टाकत होता तो अशोकचा मुलगा.

या दोघांची मैत्री मुळात किरकिरीवर जमलेली. जगात एकही गोष्ट धड चालत नाही, यावर त्यांचं एकमत होतं. नळाचं पाणी, पेडण्याची बस, दिवसेंदिवस पाव लहान करत चाललेला पोदेर, आणि फोनवर येणारे कर्जाचे मेसेज. ‘अभिनंदन, तुम्हाला दहा लाख मंजूर’ असं आलं, की अशोक त्या नंबरावर उलट फोन लावून अर्धा तास भांडायचा आणि कृष्णनाथ शेजारून त्याला मुद्दे पुरवायचा. पण दोघांचा सगळ्यात लाडका वैताग म्हणजे साईशची गोलंदाजी. पोटच्या पोराला अशोक या मेरेवरून असं काही सोलून काढायचा, की समोरच्या संघालाच पोराची दया यायची.

गेल्या पंधरा दिवसांत कृष्णनाथाला कशाचाच राग आला नव्हता. नळाला पाणी आलं नाही, त्याने घागर पालथी घातली. पोदेराने शिळे पाव दिले, त्याने ते चहात बुडवून खाल्ले. फोनमध्ये चाळीस मेसेज न वाचता पडून होते. रडूही आलं नव्हतं, ना स्मशानात, ना बाराव्याला. नवरा इतके दिवस कुरकुरला नाही हे बघून पद्मावती धास्तावली होती. तरी दुपारी तो चपला घालायला लागला तेव्हा तिने बजावलंच, “आज थंय तोंड उघडू नकात हां. पोराचो बापूस गेलोहा.”

तो उघडणार नव्हताच. तोंड उघडावं असं आत काही उरलंच नव्हतं.

साईश चौथ्या चेंडूसाठी मागे गेला. टोपीखाली क्षौर केलेल्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. वळण्याआधी त्याने मेरेकडे पाहिलं. प्रत्येक चेंडूनंतर तो तसं पाहत होता आणि मेर गप्प होती. मग तो धावत आला. चेंडू सुटला तो थेट यष्टिरक्षकाच्याही हाताबाहेर गेला.

हळर्ण गावाहून खेळायला आलेल्या फलंदाजाने उगीचच बॅट फिरवली. चेंडू तिथे नाही हे त्याला दिसत होतं, तरी फिरवली. आणि पंच दीपक दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा राहिला. याच हळर्णवाल्यांनी गेल्या वर्षी एका वाइडसाठी दिवेलागणीपर्यंत खेळ अडवून धरला होता. आज चार गेले, कुणी मागत नव्हतं आणि कुणी देत नव्हतं.

“बरो टाकलस रे, साईश!” कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

साईशने मान खाली घातली. त्याचे खांदे पडलेले कृष्णनाथाने पाहिले, आणि स्वतःलाही कळायच्या आत तो उभा राहिला.

“मेल्या, खंय टाकतंस? स्टंप हंय आसत, तू हळर्णाक टाकतंस! आनी दीपक, तुजे हात काय बांदून घातलेत? वाइड दी!”

मेरेच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या गावच्या अभिजीतने धावत येऊन त्याचा शर्ट ओढला. “नाथकाका, गप रवा. बापूस गेलोहा तेचो.”

“बापूस गेलो,” कृष्णनाथ ओरडला. “हात गेलो नाय!”

साईश खेळपट्टीच्या मधोमध उभा होता. त्याने टोपी काढली, मुठीत चुरगळली. चेहरा लालबुंद झालेला.

“इतकां येता तर तूच येवन टाक मरे, नाथकाका!”

दीपकने खाली मान घालून हळूच दोन्ही हात पसरले. ते पाहताच हळर्णचा कप्तान सीमारेषेवरून धावत आला. “मगे आदले तीनय धरा! चार वाइड झाले!”

“आदले खंयचे? तेवा मागलास?”

“तेवा आमी गप रवलों, ती आमची माणुसकी!”

“माणुसकी घेवन घरा जा!”

बघता बघता दोन्ही संघ पंचाभोवती जमले. स्टंप उपटले गेले. साईश सगळ्यांच्या मध्ये घुसून हातवारे करत भांडत होता, आणि आता त्याला कोणी सांभाळून घेत नव्हतं. कृष्णनाथाला फार बरं वाटलं. तो मेरेवर टेकला, डावीकडे वळला आणि म्हणाला, “आयकलंस मरे? तुजो झील माका काय म्हणता?”

डावीकडे गवत होतं.

तेव्हा कुठे, पंधरा दिवसांनी, कृष्णनाथाला अशोक गेल्याचं कळलं. गुडघ्यांत तोंड खुपसून तो मोठमोठ्याने रडला. शेतात वाइडवरून एवढा गलका चालला होता, की ते कुणाला ऐकूही आलं नाही.