शंभर टक्के

मॅडमच्या खोलीच्या दारात ती अर्ज घेऊन उभी राहिली आणि खिशातला फोन थरथरला. दुपारचे तीन. कॉलेजच्या सरावाच्या अ‍ॅपवर आजचे वीस प्रश्न आले होते.

औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. वर्ग तिला 'घड्याळ' म्हणायचा. सलग एकशे ऐंशी दिवस तिने खंड पडू दिला नव्हता. जेवताना सोडवले, दवाखान्याच्या रांगेत सोडवले, थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरीशेजारी उभं राहून सोडवले. "अगं, फोटोपुरती तरी मान वर कर!" बहीण करवादली होती. त्या फोटोत हिचा नुसता भांग दिसतो.

एक दिवस चुकला की नावापुढे लाल ठिपका, तोही सगळ्या वर्गाला दिसणारा. आताशा फोन वाजला नाही तरी वाजल्याचा भास व्हायचा. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. पण साठच्या साठ जण रोज सोडवत होते. एकाही नावापुढे ठिपका नव्हता. म्हणजे खोट आपल्यातच आहे, असं तिने मनाशी धरलं आणि कॉलेज सोडायचा अर्ज लिहिला.

मॅडमनी अर्ज वाचला. चष्मा काढला. डोळे लालभडक होते त्यांचे.

"कॉलेज सोडतेस? तू?"

"मला ते अ‍ॅप झेपत नाही, मॅडम. बाकीच्यांना झेपतं." तिने एकदाचं बोलून टाकलं.

मॅडम उठल्या. त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"रोज वीस नवे प्रश्न कोण काढतं, ठाऊक आहे? मी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. प्राचार्यांना म्हटलं, बंद करू या. ते म्हणाले, शंभर टक्के मुलं वापरताहेत, त्यांना आवडतंय. एखादं जरी गळलं तर विचार करू."

"आवडतंय?" ती बघतच राहिली. "तुम्ही पाठवता म्हणून सोडवतो आम्ही!"

"आणि तुम्ही सोडवता म्हणून मी पाठवते."

मग मॅडमना हसू फुटलं, पाठोपाठ तिलाही. इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

मॅडमनी अर्ज तिच्या हातात परत दिला.

"कॉलेज नको सोडूस, बाळा. आजचे वीस प्रश्न तेवढे सोड. कोणीतरी पहिलं गळावं म्हणून सहा महिने मी देव पाण्यात घालून बसलेय!"