बापाचं चित्र

"अहो, पुन्हा गुडघे जुळले!" तोसेन चित्रकाराने कुंचला खाली ठेवला.

किनुनोजो दचकला. त्याने गुडघे दूर केले. पण तेवढ्यात मान कलली, हात किमोनोच्या बाह्यांत गेले आणि समोर पुन्हा एक घरंदाज बाई बसली. जपानातल्या एदो शहराच्या रंगमंचावर त्याने उभा जन्म बायकांचीच कामं केली होती. खरा स्त्रीपार्टी नट घरीही बाईसारखाच वागतो, नाहीतर नाटकात उघडा पडतो, ही त्यांची रीत. आता रंगमंच सुटला होता, पण सुंभ जळाला तरी पीळ जाईल तर शपथ!

"हसू नका, तोसेनबुवा. माझा योहेई उद्या ओसाकाला निघालाय, कायमचा. पोराने बापाचं चित्र म्हणून बाई टांगायची का भिंतीवर? लोक चिडवून जीव खातील हो त्याचा. एकदा तरी मला पुरुष करा."

तोसेनला भारी कुतूहल वाटलं. हा माणूस पुरुषासारखा बसतो तरी कसा? कागदामागून कागद चुरगळून कोपऱ्यात गेले.  मग किनुनोजो डोळे बारीक करून तोसेनकडे बघत राहिला. आणि एकाएकी जमलं की! ऐसपैस मांडी, डावा खांदा पडलेला, ओठ एका बाजूला मुडपलेले. तोसेनने भराभर रेघा ओढल्या. असा रुबाबदार पुरुष त्याच्या हातून कधी उतरला नव्हता.

संध्याकाळी योहेई चित्र न्यायला आला. बघितलं आणि फिस्सकन हसला.

"बुवा, हे तर तुम्हीच!"

तोसेनने स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. डावाच पडला होता. लबाड नट! समोर दिसला त्या पुरुषाची बेमालूम नक्कल करून मोकळा झाला होता.

किनुनोजोचं तोंड एवढंसं झालं. "दुसरं काय येतं रे मला? नक्कलच येते."

योहेई कोपऱ्यातल्या कागदांपाशी जाऊन बसला होता. एक चुरगळलेला कागद त्याने मांडीवर घेऊन हाताने सरळ केला. जुळलेले गुडघे, कललेली मान.

"हे नेतो."

"अरे वेड्या, ती बाई आहे!"

"आई गेल्यावर मला भात भरवायला तुम्ही असेच बसायचात, बाबा."