ओवाळलेली तांबडी

तपासणीच्या खोलीचं दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला आणि बाकावर बसलेल्या भागीबाईच्या ओच्यात फोन वाजला. सून बोलत होती, हरसूलच्या वरच्या पाड्यावरून. घरात रेंज येत नाही म्हणून सुवर्णा टेकाडावर चढून आली होती.

"आत्याबाई, तांबडी परत आली. उंबऱ्यावर बसलेली."

भागीबाईने फोन कानावर घट्ट दाबला. पहाटे नवऱ्याला, मंगळूला, जीपमधून दवाखान्यात आणण्याआधी तिनेच तांबडी कोंबडी त्याच्यावरून तीनदा ओवाळली होती आणि ओढ्यापलीकडे रानात सोडली होती. ओवाळलेलं जनावर आजार घेऊन जातं. सोडायचं आणि मागे न बघता घरी यायचं, एवढंच पथ्य. तिला ते लहानपणापासून ठाऊक. पण चार पावलं आली असेल नसेल, मागून मंगळूने हाक मारली. "भागे." ती वळली. मागे फक्त तांबडी उभी होती. मंगळू तर घरी अंगणात जीपमध्ये आडवा झालेला, त्याला मान उचलायचं बळ नव्हतं.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"आता कुठं हाय?" तिने विचारलं.

"माझ्या काखेत. दाणे टाकले तर गिळत नाय. मान नुसती लांब करती."

आत मंगळूही तेच करत असणार. तोंडातून नळी गिळायची, तिच्या टोकाला कॅमेरा, असं डॉक्टर पल्लवीताईंनी सकाळी समजावून सांगितलं होतं. जुन्या काविळीने लिव्हर आकसलंय. रक्ताला पुढे वाट नाही, म्हणून पोटातल्या शिरा फुगल्यात आणि त्यातली एक फुटलीय. तिच्यात सुईने औषधी गोंद भरायचा, म्हणजे रक्त थांबेल. ऐकून घेतल्यावर भागीबाईने अंगठा दिला. त्याआधी केसपेपरवाल्याने, मग सिस्टरने आणि मग वॉर्डबॉयनेही, बाबा किती प्यायचे, असं विचारून घेतलं होतं. मंगळूने जन्मात थेंब घेतला नव्हता, पण लिव्हर म्हटलं की दवाखान्याला बाटलीच दिसते.

दार धाडकन उघडलं. सिस्टर बाहेर आली, तिच्या हातमोज्यांवर रक्त होतं.

"मंगळूचं कोण आहे? रक्ताच्या पिशवीला किती वेळ?"

"पोरगा गेलाय आणायला. किशोर."

"फोन करा त्याला, लवकर ये म्हणावं. शीर जोरात वाहतेय."

भागीबाईने फोन कानाला लावला तेव्हा सुवर्णाच बोलत होती. फोन कट करायचा राहूनच गेला होता.

"आत्याबाई, हिच्या चोचीतून रगत येतंय. माझा पदर भिजला. टाकून देऊ का हिला?"

"नको." भागीबाई उभी राहिली. "धरून ठेव. खाली सोडू नको, वेडे."

"मला भ्या वाटतंय."

"मलापण वाटतंय. धर."

तिने किशोरला फोन लावला नाही, सुनेलाही लावायला सांगितला नाही. कट केला तर तिकडे तांबडी सुटेल, असं तिला वाटलं. सिस्टरने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि स्वतःच जिन्याकडे धावली. भागीबाई लाल दिव्याकडे बघत राहिली. कानात टेकाडावरचा वारा वाजत होता आणि त्यातून कोंबडीचा घरघरता श्वास येत होता. मग तो श्वास बंद झाला.

"सुवर्णा?"

"रगत थांबलं," सून म्हणाली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "गेली. गळ्यातली दाण्याची पिशवी बघा ना कशी लागती, दगडावानी. आल्यापासून एक दाणा नाय गेला पोटात."

दिवा विझला.

पल्लवीताई बाहेर आल्या. कपाळावर घाम होता, पण चेहरा मोकळा होता. "थांबलं बघा, आजी. लय घाबरवलं तुमच्या माणसाने." भागीबाईच्या बोलण्यातला 'लय' हा शब्द त्यांनी मुद्दाम उचलला होता. "गोंद रक्ताला लागला की क्षणात घट्ट होतो. शीर आता दगडासारखी झालीय. आज वाचले ते."

भागीबाईने हात जोडले. तिला रडू फुटलं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "एकच शीर होती ना?"

"नाही, अजून एक आहे. फुगलीय, फुटलेली नाही. आज तिला हात लावला नाही. महिन्याने परत या, तेव्हा तिच्यातही भरू."

त्या गेल्या. भागीबाईने फोन तोंडाजवळ धरला.

"सुवर्णा, खुराड्यात काय हाय?"

"काय नाय, आत्याबाई. बाकीच्या मागच्या महिन्यातच रोगाने मेल्या ना. हीच एक उरलेली."

तिने फोन बंद करून कमरेला खोचला आणि आत गेली. मंगळू औषधाच्या गुंगीत कुशीवर झोपला होता. नळीने ओठाचा कोपरा सोलवटला होता. छाती संथ वरखाली होत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, चाळीस वर्षं ज्याच्यासाठी भाकरी थापली त्या माणसाकडे. मग तिने उजव्या हाताची मूठ वळली. रिकामी मूठ तिने त्याच्यावरून तीनदा ओवाळली आणि आपल्या पोटावर दाबून धरली.

मागून, दाराबाहेरच्या व्हरांड्यातून, मंगळूने हाक मारली.

"भागे."

समोर मंगळू झोपलेलाच होता. ओठ मिटलेले.

या खेपेला तिने मागे वळून पाहिलं नाही.