उसनी जोडी

एसटीत यामिनीने ती फिन्स वरच्या फळीवर ठेवू दिली नाहीत. बुडी मारताना पायात चढवायची ती दोन हात लांब जोडी सासूबाईंनी गोधडीत गुंडाळली होती. कोल्हापूरपासून मालवणपर्यंत तिने ती शेजाऱ्यांची बोलणी खात मांडीवर आणली.

श्वास रोखून बुडी मारायला शिकवणाऱ्या मेतर सरांनी, विकत घेण्याआधी महिनाभर वापरून बघ म्हणून, ती उसनी दिली होती. "उन्हात वाळवू नकोस, रबर आटतं," एवढंच बजावलं होतं.

किनाऱ्यावर सरांनी जोडी निरखली आणि एका फिनमध्ये पाय घातला. तो निम्म्यातच अडला.

रबर आटलं की काय, यामिनीला वाटलं. सासूबाईंनी धुऊन गच्चीवर तर नाही ना टाकली?

सरांनी आत हात घातला, तर डिंकाच्या लाडवांची पिशवी निघाली. दुसऱ्या फिनमध्येही तेच.

तिने घरी फोन लावला.

"उसनं आणलेलं रिकामं परत देतात होय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"सर, मी हीच मऊ जोडी घेणार," यामिनी ओशाळून म्हणाली.

लाडू संपवून सरांनी शेडमधून कडक जोडी आणली. "ठरवायची घाई कशाला? ही पण महिनाभर ने. हिच्यात जास्त मावतील."